तेलाचा ताप

वाईहून पाचगणीस जाणारा रस्ता पसरणीच्या घाटाने चढतो. एका हातास डोंगराचा कडा आणि दुसऱ्या हातास खाली पसरलेले कृष्णेचे खोरे. वळणामागून वळण येते आणि प्रत्येक वळणावर खालची वाई अधिकच लहान दिसू लागते. मे महिन्यातील एके सकाळी मी एस.टी.ने या घाटातून चाललो होतो. निम्मा घाट चढून झाला असेल, तोच रस्त्याच्या कडेस एक मोटारसायकल उभी असलेली दिसली. तिच्या मागे दोन्ही अंगांस दुधाच्या किटल्या लटकत होत्या आणि शेजारच्या दगडावर आमच्या आळीतले दूधवाले आबा डोक्याला हात लावून बसले होते. मी कंडक्टरास विनंती करून गाडी थांबवली आणि खाली उतरलो.

“काय झालं, आबा?”

“काय सांगू, गुरुजी! चढता चढता गाडीचा जोर कमी झाला. इंजिनातून टकटक ऐकू येऊ लागली. मी म्हटलं, वरच्या वळणापर्यंत जाऊ, मग बघू. तेवढ्यात मागचं चाकच अडकलं. क्लच दाबायचं सुचलं म्हणून बरं, नाहीतर दूध आणि मी दोघेही खाली खोऱ्यात गेलो असतो.”

किटल्यांवर गुंडाळलेली ओली गोणपाटे उन्हाने वाळू लागली होती. मागून येणाऱ्या एका टेम्पोवाल्याने दूध वर नेण्याचे कबूल केले. मोटारसायकल मात्र दुसऱ्या टेम्पोत घालून खाली वाईस मिस्त्रींकडे न्यावी लागली. त्यांनी इंजिन उघडले, आत डोकावले आणि दोनच शब्द उच्चारले : “इंजिन धरलं.”

इंजिन धरते म्हणजे काय होते, हे समजून घ्यायचे तर प्रथम त्याच्या पोटात काय चालते ते पाहिले पाहिजे. मोटारसायकलीच्या इंजिनात धातूची एक गोल पोकळी असते, तिला सिलिंडर म्हणतात. तीत पिस्टन वर-खाली धावतो. पेट्रोलची वाफ व हवा यांचे मिश्रण सिलिंडरात पेटते, त्या जाळाच्या दाबाने पिस्टन खाली रेटला जातो आणि त्या रेट्यावर चाक फिरते. हा जाळ क्षणभरच टिकतो. पण त्या क्षणी आतील वायूचे तपमान २००० अंश सेल्सिअसच्याही वर जाते. आता गंमत पाहा. पिस्टन ज्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा केलेला असतो, त्यातील शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांनाच वितळते. मग पिस्टन वितळून का जात नाही? कारण त्याच्या अंगात शिरलेली उष्णता तेथे साठू न देता सतत बाहेर काढून नेली जाते. हे काढून नेणे थांबले, की इंजिनाचे आयुष्यही थांबलेच म्हणून समजावे.

पेट्रोल जळून जी उष्णता निर्माण होते, तिचा जेमतेम चौथा हिस्सा गाडी चालवण्याच्या कामी येतो. रुपयातले चार आणे म्हणा ना. उरलेल्या बारा आण्यांपैकी पुष्कळसा भाग सायलेन्सरातून धुराबरोबर निघून जातो आणि बाकीचा इंजिनाच्या धातूत मुरतो. ही मुरलेली उष्णता बाहेर काढण्याचे काम दोघेजण करतात. एक म्हणजे वारा. सिलिंडरच्या बाहेरच्या अंगास पुस्तकाच्या पानांसारख्या धातूच्या पातळ कडा एकीवर एक रचलेल्या तुम्ही पाहिल्या असतील. त्यांना मिस्त्री लोक ‘फिन’ म्हणतात. या कडांमुळे वाऱ्याला भिडणारा पृष्ठभाग कितीतरी पटींनी वाढतो. दुसरा कामगार म्हणजे तेल. हा आत राबतो आणि कोणाला दिसत नाही, म्हणून त्याची आठवणही कोणाला राहत नाही.

इंजिनात तेल घालतात ते घर्षण कमी व्हावे म्हणून, एवढे तर आपण सर्वजण जाणतो. इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत असेल, तर पिस्टन एका सेकंदात शंभर वेळा वर जातो आणि शंभर वेळा खाली येतो. अशा वेळी पिस्टन आणि सिलिंडरची भिंत यांच्यामध्ये तेलाचा केसाहूनही पातळ असा पडदा असतो, आणि त्या पडद्यावरून पिस्टन घसरत जातो. पण तेलाचे काम एवढ्यावर संपत नाही. ते तापलेल्या भागांवरून वाहते, त्यांची उष्णता स्वतःकडे घेते, खाली तळाशी उतरते, तेथे इंजिनाच्या बाहेरच्या कवचाला ती देऊन थोडे निवते आणि पंपाने ओढले जाऊन पुन्हा वर चढते. वाटेत काजळी आणि धातूचा बारीक कीसही ते धुऊन आणते. शिवाय बहुतेक मोटारसायकलींत क्लच आणि गिअरचे दाते यांनाही हेच तेल पुरवले जाते. मोटारगाडीत गिअरांसाठी बहुधा वेगळे तेल असते आणि इंजिनातही तीन-चार लिटर तेल असते. लहान मोटारसायकलीत मात्र सारे मिळून सुमारे एक लिटर! एवढ्याशा तेलावर केवढा संसार, नाही का?

आता तपमानाकडे वळू. थंडीच्या दिवसांत काकवी ओतू लागलो तर ती धारेने पडत नाही, सावकाश लोंबते. तीच तापवली तर पाण्यासारखी वाहते. इंजिनातील तेलाचे असेच आहे. ४० अंश तपमानाला ते जेवढे दाट असते, त्याच्या सातव्या-आठव्या हिश्श्याएवढाच दाटपणा १०० अंशांवर उरतो. तेल बनवणाऱ्यांना हे ठाऊक असते आणि १०० अंशांच्या आसपास तेलाचा पडदा नीट टिकेल, असाच त्यांचा हिशेब असतो. तेलाच्या डब्यावर ‘२० डब्ल्यू ४०’ यासारखी खूण असते. त्यातील ‘डब्ल्यू’ हे हिवाळा या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे आद्याक्षर. थंडीत हे तेल २० क्रमांकाच्या तेलाप्रमाणे वागते आणि तापल्यावर ४० क्रमांकाच्या तेलाप्रमाणे, असा त्या खुणेचा अर्थ आहे. ही किमया साधण्यासाठी तेलात लांब साखळीसारखे रेणू मिसळतात. थंडीत ते वेटोळे घालून बसतात आणि उष्णतेने उलगडून पसरतात, त्यामुळे तेल एकदम पातळ होत नाही. मात्र गिअरांच्या दात्यांत सापडून या साखळ्या तुटत जातात. मोटारसायकलीचे तेल वेळच्या वेळी बदलावे लागते, त्याचे हे एक कारण आहे.

साधारणपणे ९० ते ११० अंशांच्या दरम्यान तेल सुखात असते. घाटात ते १२० वर गेले तरी भिण्याचे कारण नाही. पण १३०-१४० अंशांच्या वर ते फार वेळ राहू लागले, की दोन संकटे ओढवतात. एक तर पडदा इतका पातळ होतो की धातू धातूला घासू लागतो. आणि दुसरे म्हणजे तेल हवेतील प्राणवायूशी संयोग पावून झपाट्याने नासते. तपमान दहा अंशांनी वाढले, की नासण्याचा वेग सुमारे दुप्पट होतो, असा एक ठोकताळा आहे. नासलेले तेल काळे व चिकट होते, त्याचे किटण जागोजाग बसते आणि बारीक वाटा बुजतात. मग उष्णता बाहेर नेणाराच आजारी पडतो, आणि त्यामुळे उष्णता आणखी वाढते.

आबांच्या इंजिनात हेच घडले होते. तापलेला पिस्टन प्रसरण पावला, तेलाचा पडदा फाटला आणि पिस्टन सिलिंडरच्या भिंतीला घट्ट धरून बसला. पिस्टन थांबला की गिअर थांबतात, गिअर थांबले की मागचे चाक थांबते. अशा वेळी क्लच दाबला तर चाक इंजिनापासून सुटे होते. आबांचे प्राण वाचले ते यामुळेच. दुरुस्तीला मात्र त्यांची महिन्याभराची मिळकत गेली.

मिस्त्रींनी गाडीची तपासणी केली, तेव्हा तीन गोष्टी उघडकीस आल्या. पुढच्या लेगगार्डवर आबांनी रेक्झिनचा एक पडदा शिवून घेतला होता. गेल्या पावसाळ्यात चिखल पायांवर उडू नये म्हणून तो बांधला, आणि पुढे थंडीत वारा लागू नये म्हणून तो तसाच राहिला. मे उजाडला तरी तो सोडला नव्हता. ज्या वाऱ्याने इंजिन निवायचे, त्याचीच वाट त्या पडद्याने अडवली होती. दुसरी गोष्ट, फिनांच्या फटींत पावसाळ्यातला चिखल वाळून घट्ट बसला होता. आणि तिसरी, तेलाची पट्टी बाहेर काढून पाहिली तर तिच्या टोकालाही तेल लागत नव्हते.

“तेल केव्हा पाहिलं होतं, आबा?” मिस्त्रींनी विचारले.

“बदललं तेव्हा.”

“आणि बदललं केव्हा?”

यावर आबा गप्प राहिले.

तेल कमी झाल्याने तपमान का वाढावे, असा प्रश्न तुम्हाला पडेल. समजा, एक जड पालखी आठ भोई वाहत आहेत आणि आठजण मागून मोकळे चालत आहेत; ठरावीक अंतरावर खांदा बदलला जातो. आता मागचे सहाजण निघून गेले तर? जे उरतील त्यांना विसावा मिळणार नाही. तेलाचे असेच होते. तेल निम्म्यावर आले, की प्रत्येक थेंबाला तळाशी निवण्यास वेळ न मिळता पुन्हा भट्टीत जावे लागते. म्हणून कोणी गरजेपेक्षा जास्त तेल ओतू लागेल, तर तेही चूकच. इंजिनाचे फिरते भाग त्या तेलात बुडून ते घुसळतात, त्याचा फेस होतो आणि फेसाने ना वंगण होते ना गारवा मिळतो. पट्टीवर दोन खुणा असतात, त्या दोहोंच्या मध्ये तेल असावे. गाडी सपाट जागी सरळ उभी करून आणि माहितीपुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे थोडा वेळ थांबून ते पाहावे.

आबांनी मग एक मजेदार शंका काढली. “मिस्त्री, किटल्यांवर ओलं गोणपाट टाकतो, तसं इंजिनावर टाकलं तर? किंवा तापल्यावर एक तांब्याभर पाणी ओतलं तर?” शंका अगदीच वेडी नव्हती, ओल्या गोणपाटातील पाण्याची वाफ होताना ती किटलीतील उष्णता घेऊन जाते, हे खरेच आहे. पण गोणपाट वाळले, की तेच घोंगडीसारखे उष्णता कोंडून ठेवील. आणि तापलेल्या धातूवर गार पाणी पडले, की जेथे पाणी पडले तेवढाच भाग एकदम आकसतो, शेजारचा फुगलेलाच राहतो. या ओढाताणीत धातूला तडा जाऊ शकतो. तापलेल्या काचेच्या चिमणीवर पाण्याचा थेंब पडल्यास काय होते, ते वडीलधाऱ्यांस विचारा.

तेल किती तापले आहे हे स्वाराला समजावे कसे? हात लावून पाहण्याचा मोह कोणी धरू नये. पन्नास-पंचावन्न अंशांच्या धातूलाच हात ठेववत नाही. त्यामुळे साठ अंश आणि एकशे तीस अंश यांतील भेद हाताला समजत नाही, दोन्हींचा चटकाच बसतो. काही गाड्यांवर तेलाच्या झारीचे चित्र असलेला लाल दिवा असतो. तो तपमान दाखवतो असा पुष्कळांचा समज आहे, पण तो बहुधा तेलाच्या दाबाविषयी सांगतो. तो पेटेपर्यंत वाट पाहिली तर फार उशीर झालेला असतो. कान व हात काही खुणा जरूर सांगतात. जोर कमी होणे, टकटक ऐकू येणे, गिअर जड पडणे आणि उभ्या गाडीचा गिअर न्यूट्रलमध्ये येईनासा होणे, या तापलेल्या तेलाच्या खुणा असू शकतात. आबांना यांपैकी दोन मिळाल्याही होत्या. (गाडी थांबवल्यावर इंजिनातून घड्याळासारखी जी टिकटिक ऐकू येते, तिला मात्र भिऊ नये, निवणारा धातू आकसताना तसा आवाज होतो.)

खरा उपाय म्हणजे तपमापक. तेल भरण्याच्या तोंडावरील बुचाच्या जागी बसवण्याजोगी एक लहान तबकडी मिळते. तिच्या मागे एक दांडी असते, ती आत तेलापर्यंत पोचते. दांडीत दोन निरनिराळ्या धातूंची जोडपट्टी गुंडाळून बसवलेली असते. पितळ आणि पोलाद सारख्याच प्रमाणात तापवले, तरी पितळ अधिक लांबते; म्हणून असे दोन धातू एकमेकांस चिकटवलेली पट्टी तापताच वाकते. गुंडाळलेली पट्टी वाकू लागली, की तिच्या टोकास जोडलेला काटा फिरतो. घरातील विजेची इस्त्री ठरावीक तापल्यावर आपोआप बंद होते, ती अशाच पट्टीमुळे. काही मोटारसायकलींत या कामी थर्मिस्टर नावाचा लहानसा मणी वापरतात. तपमान वाढले की त्यातून वीज अधिक सहजपणे वाहते आणि त्यावरून अंश मोजले जातात. पण एक ध्यानात ठेवावे. तबकडी सांगते ते तळाशी साचलेल्या तेलाचे तपमान. पिस्टनच्या माथ्याजवळील कड्यांपाशी तेच तेल दोनशे अंशांच्या वरही गेलेले असते.

मिस्त्रींनी आबांच्या गाडीला अशी तबकडी बसवून दिली आणि एक वही करायला सांगितली. आबांना अंशांचे काय ते नेमके ठाऊक नव्हते. ते मला म्हणाले, “गुरुजी, चांगला आकडा कोणता आणि वाईट कोणता, ते लिहून द्या.” मी आकडे लिहून दिले, परंतु मिस्त्रींचे सांगणे मला अधिक शहाणपणाचे वाटले. ते म्हणाले, “आबा, रोज त्याच वळणावर काटा कुठं असतो ते लिहा. एक दिवस त्याच वळणावर, तशाच हवेत आणि तेवढ्याच ओझ्यानं काटा दहा अंश पुढं दिसला, तर समजा काहीतरी बिघडलंय.” वैद्य नाडी पाहतो तीही रोग्याच्या नेहमीच्या नाडीशी ताडून पाहतो, तसेच हे.

आबांच्या गाडीची ही कथा चालली असता माझ्या मनात थोडा गर्व झाला होता. माझी मोटारसायकल घरापासून शाळेपर्यंत एक किलोमीटर जाते आणि तेवढीच परत येते. तिला कसला आला ताप? सहज म्हणून मिस्त्रींनी माझ्या गाडीचे बूच काढले, तर त्याच्या आतल्या अंगास दुधावरच्या सायीसारखा पिवळट थर! मी चकित झालो. मिस्त्री हसून म्हणाले, “गुरुजी, आबांच्या तेलाला ताप येतो आणि तुमच्या तेलाला सर्दी झालीय.”

ही सर्दी कोठून आली? एक लिटर पेट्रोल जळाले, की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होते. ऐकून आश्चर्य वाटेल, पण पेट्रोलमधील हायड्रोजनचा हवेतील प्राणवायूशी संयोग झाला की पाणी होणारच. त्यातील बहुतेक वाफेच्या रूपाने सायलेन्सरातून निघून जाते. थोडी वाफ मात्र पिस्टनच्या कडेने खाली निसटते आणि थंड तेलात जाऊन पाणी होते. तेल चांगले तापले, तर हे पाणी पुन्हा वाफ होऊन उडून जाते. एका किलोमीटरमध्ये तेल तेवढे तापतच नाही. धातू लवकर तापतो, पण तेलास दहा-पंधरा मिनिटे तरी लागतात. मग पाणी व तेल घुसळून ती साय तयार होते, तेलाचे गुण जातात आणि आत गंज चढतो. तेव्हापासून मी दर रविवारी गाडी घेऊन मेणवलीच्या पुढपर्यंत जाऊन येतो. गाडीस औषध मिळते आणि मला कृष्णेचा घाट पाहावयास मिळतो.

थंड तेलाविषयी आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. पहाटेच्या थंडीत इंजिन सुरू केल्याबरोबर पुष्कळजण ते मोठ्याने घुर्र घुर्र करतात. दाट तेल अजून सर्व भागांपर्यंत पोचलेले नसते, आणि तेवढ्यात आतील भाग एकमेकांवर जोराने घासले जातात. उभ्या जागी दहा मिनिटे इंजिन चालू ठेवणेही व्यर्थ. अर्धा मिनिट थांबावे आणि पहिले तीन-चार किलोमीटर बेताने जावे, म्हणजे तेल चालता चालता तापते.

घाट चढताना अवघड असते ते हे, की इंजिनाला काम जास्त आणि वारा कमी. सपाटीवर गाडी वेगाने जाते, म्हणून तिला वाराही भरपूर मिळतो. चढावर वेग उतरतो, वारा मंदावतो आणि पेट्रोल मात्र अधिक जळते. मागून वारा असेल तर विचारूच नका. म्हणून वरच्या गिअरात इंजिनास रडवत नेण्यापेक्षा एक गिअर उतरवून, कमी थ्रॉटलवर हलकेच चढावे. शहरातील गर्दीत तर चढावाइतकीच पंचाईत होते, कारण गाडी उभी, वारा शून्य. तेथे खोळंबा लांबला तर इंजिन बंद करावे हेच बरे. मोठ्या गाड्यांत तेलाला निवण्यासाठी पुढे एक लहान जाळी लावतात. तिच्या नळ्यांतून तेल फिरून येते. १९८५ साली जपानच्या सुझुकी कंपनीने जीएसएक्स-आर ७५० नावाची मोटारसायकल विकावयास काढली. तिच्या रचनाकारांनी पिस्टनच्या खालच्या अंगावर तेलाची चिळकांडी उडवून त्याला निवविण्याची योजना केली होती आणि इंजिन गार ठेवण्याचे मोठे ओझे तेलावरच टाकले होते. आबांच्या शंभर-सव्वाशे घनसेंटीमीटरच्या गाडीला अर्थातच असले काही नाही. तिला वारा, तेल आणि आबा एवढेच.

पुढच्या जुलैत धुवाधार पाऊस सुरू झाला. एके सकाळी आबांची मोटारसायकल शाळेवरून जाताना दिसली आणि तिच्या लेगगार्डवर तोच रेक्झिनचा पडदा! मी त्यांना थांबवले. रागावणारच होतो, पण आबांनी खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली वही काढली. तीत मोडक्या अक्षरांत तारखा आणि आकडे होते. पडदा बांधून घाट चढला, त्या दिवशी वडाच्या वळणावर काटा एकशे अठरावर. पडदा सोडून चढला, त्या दिवशी एकशे सहावर. ओझे तेच, पाऊस तोच.

“म्हणून आता पडद्याला बटणं लावून घेतलीत, गुरुजी,” आबा म्हणाले. “घाटाच्या पायथ्याशी पडदा गुंडाळून वर बांधतो. पाय भिजतात तेवढे भिजू देत. वर पोचलो, की पुन्हा खाली सोडतो.”

एवढे बोलून त्यांनी तबकडीवर एक नजर टाकली, काटा अजून साठाच्या आसपास होता, आणि किटल्यांचे दोर एकदा ओढून पाहून ते सावकाश घाटाकडे निघाले.